‘४५ मिनिटांचे पैसे, १२ मिनिटांचा व्यायाम’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या आईंच्या व्यायामाच्या पहिल्याच ऑनलाइन सेशनला तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मध्ये १५ मिनिटं का थांबतोय हे तुम्हाला तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, ते राहिलं. ती चूक आमचीच.

पण ‘२५ मिनिटं वाया घालवली आणि डायबेटिसच्या पेशंटला चक्क साखरपाणी पाजलं’ हे वाक्य फार लागलं. आमचा दवाखाना छोटा आहे. लोक असं वाचूनच आपल्या आईवडिलांना आमच्यावर सोपवायचं की नाही ते ठरवतात. म्हणून त्या २५ मिनिटांचा हिशेब इथेच देतो.

पहिली ६ मिनिटं फोन आणि खुर्चीत गेली. फोन हातात धरलेला होता, त्यात आईंचा चेहरा दिसत होता, पावलं दिसत नव्हती. फोन गुडघ्याच्या उंचीवर, सहा-सात फुटांवर टेकवून ठेवला की डोक्यापासून टाचेपर्यंत माणूस दिसतो. खुर्ची प्लास्टिकची होती. आई उठायला गेल्या तेव्हा ती फरशीवर चार बोटं मागे सरकली. म्हणून ती भिंतीला टेकवायला लावली आणि पायातले मोजे काढून बूट घालायला सांगितलं. हाताची, न सरकणारी खुर्ची आणि बूट तयार ठेवा, हा निरोप आदल्या दिवशीच पाठवला होता, तो तुम्ही पाहिलाही होता.

पुढची ४ मिनिटं साखर तपासण्यात आणि औषधं विचारण्यात गेली. ८४ आली. ‘८४ म्हणजे नॉर्मल’ असं तुम्ही लिहिलंय. स्वस्थ बसलेल्या माणसाला ते नॉर्मलच आहे. पण इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर गोष्ट वेगळी. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि व्यायामात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दोन्ही एकदम झालं की साखर भरकन उतरते. म्हणून अशा पेशंटची साखर ९०च्या खाली असेल तर आधी थोडं गोड द्यायचं आणि मगच सुरू करायचं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फारसा नसतो. आईंना कुठली गोळी आहे ते इथे जाहीर लिहिणं बरं नाही, घरी डॉक्टरांची चिठ्ठी आहे ती बघा.

अर्ध्या ग्लास पाण्यात तीन छोटे चमचे साखर, इतकंच दिलं होतं. बिस्किट चालणार नाही म्हटलं, कारण त्यातल्या तुपामुळे साखर चढायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा टोचलं तेव्हा ११८ आली. ती १५ मिनिटंही रिकामी गेली नाहीत. तेवढ्यात आईंचे तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या कॅमेऱ्यासमोर बघून घेतल्या. पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर बुटातला खडासुद्धा जाणवत नाही, आणि जखम उशिरा लक्षात येते.

समोर असतो तर हात हातात घेऊन साखर उतरल्याचा घाम लगेच कळला असता. फोनवर, पिवळ्या दिव्यात, तो दिसत नाही. त्यातून ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमुळे साखर उतरली तरी धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही. दूरवरून आमच्या हातात मीटरचा आकडाच असतो ताई. तो सोडून पुढे जाणं आम्हाला जमणार नाही, स्टार कमी मिळाले तरी.

मग १२ मिनिटं व्यायाम झाला: खुर्चीतून उठ-बस ८ वेळा, दोनदा, ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, दोनदा. ‘लहान मुलासारखं मोठ्याने मोजायला लावलं’ असंही तुम्ही लिहिलंय. मोजताना श्वास रोखला जात नाही, म्हणून ते. डोळ्याच्या पडद्यावर डायबेटिसचा परिणाम असेल तर श्वास रोखून जोर लावणं घातक ठरू शकतं. शेवटची ८ मिनिटं सावकाश हालचाली आणि पुन्हा साखर बघण्यात गेली. त्याला तुम्ही ‘गप्पा’ म्हटलंय.

फी ६०० रुपये बुकिंग करतानाच सांगितली होती. तरीही पहिलं सेशन थोडं मोठं ठेवता येईल का ते बघतो, फीचंही काहीतरी करू. पुढच्या वेळी सेशनच्या अर्धा तास आधी साखर तपासून आकडा पाठवलात तर हे थांबणं बहुतेक टळेल.

आणि आईंना सांगा, व्यायामानंतर साखर काही तासांनीसुद्धा उतरू शकते, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. व्यायाम केला त्या रात्री झोपण्याआधी एकदा तपासा, उशाशी साखरेची डबी ठेवा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका.