मी ‘क’ यादीत आहे

नव्या वर्षाचं कार्ड आलं. पाकिटावर पत्त्याचं छापील लेबल, तेही घाईत तिरकं चिकटवलेलं. आत सोनेरी अक्षरांत ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस नूतन वर्ष सुखसमृद्धीचे व भरभराटीचे जावो’ आणि त्याखाली सही. बोट ओलं करून सहीवरून फिरवलं. शाई पसरली नाही. सहीसुद्धा छापील!

पाठवणारा कोणी पुढारी असता, तर कार्ड रद्दीत टाकून मी मोकळा झालो असतो. पण हा माझा मित्र. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही दिवस काढलेले. आता त्याचा धंदा मोठा, ओळखी मोठ्या, सगळं मान्य. पण ‘आपणांस’? हा माणूस उभ्या आयुष्यात माझ्याशी ‘तू’च्या वर कधी चढला नाही, आणि ‘तू’सुद्धा तब्येत खूश असेल तरच. बाकी वेळी जे म्हणायचा ते इथे लिहिता येत नाही.

त्याच टपालात एका विमा कंपनीचंही कार्ड होतं. त्यावर मात्र माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जागच्या जागी, आणि हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या टाइपात ‘तुम्ही आमच्यासाठी खास आहात’. याच कंपनीने माझा दावा ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून परत धाडला होता. तेव्हा माझ्या आडनावाची वेलांटीही त्यांना जमली नव्हती.

या कार्ड प्रकरणाचा मूळपुरुष हेन्री कोल. 1840 साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं, ती योजना मार्गी लावणाऱ्यांपैकी हे एक. टपाल स्वस्त झालं, लोक सणासुदीला पत्रांवर पत्रं धाडू लागले आणि उत्तरं द्यायच्या पत्रांचा ढीग कोलसाहेबांच्याच टेबलावर साचला. करावे तसे भरावे. मग 1843च्या नाताळाला त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, हजारभर कार्डं छापली आणि वरच्या बाजूला ज्याला कार्ड धाडायचं त्याच्या नावाला जागा कोरी ठेवली, खाली धाडणाऱ्याच्या नावाला. झालं पत्रोत्तर! स्वतःला लागतील तेवढी ठेवून उरलेली एकेक शिलिंगला विकायला काढली. चित्रात एका लहानग्याच्या तोंडाला वाइनचा पेला लावलेला होता, म्हणून दारूविरोधी मंडळी खवळली. खवळायला माझी हरकत नाही, पण कोणीतरी त्या कोऱ्या जागांवर खवळायला हवं होतं. वेळीच कान पिळला असता, तर आज ही पाळी आली नसती. आणि कोलला निदान तिथे नाव तरी हाताने लिहावं लागायचं.

मी फोन लावला. म्हटलं आभार मानू, आणि मानता मानता चार शब्द सुनावू. फोन त्याच्या ऑफिसातल्या मदतनिसाने उचलला. आवाजावरून पंचविशीतला, आणि कमालीचा अदबशीर. इतक्या अदबीने बोलणाऱ्याशी भांडण लावणं फार अवघड असतं.

‘कार्ड मिळालं ना सर? एक मिनिट, टिक करून घेतो.’ कीबोर्डची टकटक. ‘हां. तुम्ही “क” मध्ये.’

‘कशात?’

‘यादीत, सर. “अ” म्हणजे मजकूर हाताने, सही शाईने. “ब” म्हणजे मजकूर छापील, सही शाईने. “क” म्हणजे दोन्ही छापील.’

‘त्याच्या खाली काही आहे?’

‘“ड” आहे ना सर. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप.’ घरातल्या वाया गेलेल्या मुलाचा विषय निघावा तसा त्याचा सूर झाला.

आता मी काही ‘ड’वाल्यांना हसणार नाही. जगातला पहिला एसएमएस सणाच्या शुभेच्छांचाच होता. 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून ‘मेरी ख्रिसमस’ एवढंच पाठवलं, रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर. जार्विसनी उत्तर दिलं नाही, कारण त्या फोनवरून संदेश पाठवायची सोयच नव्हती. काय सुखी माणूस! आम्हाला सोय आहे, म्हणून जोडलेल्या हातांना जोडलेले हात पाठवत बसावं लागतं. मध्यंतरी एका परिचिताकडून आलेल्या शुभेच्छांखाली भलत्याच कुटुंबाचं नाव होतं. पुढे ढकलताना ते पुसायचेही कष्ट नाहीत. मी त्या अनोळखी कुटुंबालाच मनोमन शुभेच्छा दिल्या.

‘पण मी “क” मध्ये का?’

‘शेरा आहे सर. “उत्तर देत नाहीत.”’

‘अहो, छापील सहीला काय उत्तर द्यायचं?’

‘बाकीचे देतात, सर.’

देतात, खरं आहे. अमेरिकेत 1974 साली फिलिप कुन्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सुमारे सहाशे अनोळखी लोकांना नाताळची कार्डं पाठवून पाहिली. उत्तरांचा ढीग पडला. काहींनी पानंच्या पानं लिहिली, घरचे फोटो पाठवले. हा कोण, असं पाठवणाऱ्याला विचारायची बऱ्याच जणांना गरजही वाटली नाही. अशा उत्साही लोकांमुळे माझ्यासारख्यांचे शेरे खराब होतात.

‘सर, तुम्हाला “ब” मध्ये घेऊ का? एक जागा झाली आहे. ते गृहस्थ वारले.’

यावर काय बोलणार? मी गप्प. गप्प राहिल्याने भाव वाढतो, हे तेव्हा कळलं.

‘की डायरेक्ट “अ”? तुम्ही साहेबांचे जुने मित्र दिसता.’

‘“अ”चं एवढं सगळं लिहायला त्याला वेळ कधी मिळतो?’

‘साहेब कुठे लिहितात, सर? मी लिहितो.’

‘आणि सही?’

‘तीही मीच. तुमच्या कार्डावरची मात्र खुद्द साहेबांची हं. स्कॅन करण्यासाठी त्यांनी स्वतः केली होती.’

म्हणजे ‘अ’वाले कार्ड शोकेसमध्ये उभं करून आल्यागेल्याला शाई दाखवत असणार, आणि ते अक्षर या पोराचं. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. ‘अ’ मध्ये आमच्या बॅचचे कोण कोण आहेत, हे मी विचारून पाहिलं. ते गोपनीय असतं म्हणे. वर्षाकाठी एक ओळ लिहायला सवड नसेल तर पाठवू नका ना कार्ड! कोणी उपाशी मरत नाही. पण नाही, पाठवायचं, वर हिशेब ठेवायचा, आणि उत्तर आलं नाही की शेरा समोरच्यावर.

‘“अ” करतो, सर. फक्त एखादी जुनी आठवण सांगा, मजकुरात घालायला. दोन ओळींत बसेल अशी.’

‘माझ्याच कार्डात मीच सांगायची?’

‘साहेबांना विचारलं होतं एकदा दुसऱ्या कोणाबद्दल. ते म्हणाले, तूच बघ काहीतरी.’

रागाच्या भरात जी पहिली तोंडाशी आली तीच सांगितली. हॉस्टेलमध्ये असताना त्याची प्रेमपत्रं मी लिहून द्यायचो. मजकूर माझा, अक्षर माझं, खाली नाव तेवढं त्याचं.

टकटक थांबली.

‘हे मॅडमना माहीत आहे का, सर?’

‘नसावं.’

‘मग हे नको घालायला.’ तो जरा घुटमळला. आता त्याच्या आवाजातली अदब खरी वाटत होती. ‘म्हणजे सर, माझ्या आधी या कामावर तुम्ही होतात. “अ”ची बरीच कार्डं अजून लिहायची राहिली आहेत. थोडी पाठवून देऊ का?’