खुलासा: ‘के’ मोठा म्हणून अभिक्रिया उजवीकडेच जाते असं नाही

कोल्हापुरातल्या अकरावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ‘ट्रिक’ फिरतेय: समतोल स्थिरांक ‘के’ (समतोल साधल्यावर तयार झालेले पदार्थ आणि मूळ पदार्थ यांच्या संहतींचं, म्हणजे दर लिटरमधल्या प्रमाणांचं, गुणोत्तर) १ पेक्षा मोठा असेल तर अभिक्रिया उजवीकडेच, म्हणजे नवे पदार्थ तयार होण्याकडेच, जाते. हे चूक आहे. राजारामपुरीतल्या शिकवणीत परवा तेच उत्तर वह्यांत दिसलं, जीव कळवळला.

दिशा कळते ती आत्ताच्या संहतींवरून काढलेलं तेच गुणोत्तर, म्हणजे ‘क्यू’, ‘के’शी ताडून. हायड्रोजन आणि आयोडीनच्या एकेका रेणूपासून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू होतात (म्हणून त्याच्या संहतीचा वर्ग घ्यायचा), तिथे ४४८ अंश सेल्सिअसला ‘के’ साधारण ५०. भांड्यात पहिले दोन ०.१ आणि आयोडाइड १ मोल प्रति लिटर असेल, तर ‘क्यू’ = १² ÷ (०.१ × ०.१) = १००. ‘के’पेक्षा जास्त, म्हणून अभिक्रिया डावीकडे जाणार! ‘क्यू’ कमी असता तर उजवीकडे. वेग मात्र यातून कळत नाही.