‘घरबसल्या पर्यावरणवादी’ या शेऱ्याबद्दल

स. न. वि. वि.

गोदावरीचे प्रदूषण केवळ कायद्याने का थांबत नाही, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाण्यास पाच वर्षे मिळतात, असे मी सरसकट लिहिले होते. ती मुदत भरपाईच्या अर्जाची आहे, इतर वादांसाठी सहाच महिने मिळतात. चूक मान्य आहे, दुरुस्तीही केली आहे. मात्र त्याला ‘अभ्यास करून लिहीत जा’ हे शेपूट जोडायची गरज नव्हती.

राहिला ‘घरबसल्या पर्यावरणवाद्यांनी आधी नदीकाठी जाऊन दाखवावे’ हा शेरा. माझे बालपण नाशिकच्या पंचवटीत गेले. पुढे गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डीच्या काठी राहायला आलो (तिला आता नंदिनी म्हणतात, नाव बदलल्याने वास गेलेला नाही), तेव्हा वसाहतीमागचा नाला थेट नदीत मिसळत होता. ते पाणी बाटलीत भरून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून मी एका कार्यालयात नेले असता तेथील साहेबांनी पेनच्या टोकाने बाटली फायलींपासून दूर सरकवली आणि नाला आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे सांगितले. ज्यांच्या अखत्यारीत नाला होता, त्यांच्या अखत्यारीत नदी नव्हती. 1974 चा जलप्रदूषण कायदा मी या हेलपाट्यांत शिकलो, मोबाइलवर बोट फिरवून नव्हे.

गोदाकाठच्या आनंदवलीला पानवेली (जलपर्णी) काढायला पहिल्या रविवारी आम्ही तीसेक जण होतो, चौथ्या रविवारी सहा. न आलेल्यांवर माझा राग नाही. वरून सांडपाणी येत राहिले की वेल पुन्हा पसरते आणि स्वच्छ काठावर फिरायला तर न राबणाऱ्यालाही मिळते. वाईट वाटले ते त्या सहांतल्या तिघांनी, ‘कशाला वाकडेपणा घ्यायचा’ म्हणत, तक्रारअर्जावर सही करायचे टाळले तेव्हा. कायद्याला तक्रारदार लागतो आणि तक्रारदाराला त्याच गल्लीत राहायचे असते, हे मी लेखात लिहिले होते. आपण तिथवर वाचलेले दिसत नाही.

जलप्रदूषण कायद्याच्या 2024 च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांतील तुरुंगवास जाऊन 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला, मग कारखानदार कशाला घाबरेल, हा आपला प्रश्न रास्त असेलही. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी आनंदवलीच्या काठावर असेन. गमबूट आपले आपण आणावेत.