आयुक्तालय नको, बदलीचं कारण सांगा

गुन्हे वाढले की आपल्याकडे एक मागणी ठरलेली: आमच्या शहराला वेगळं पोलिस आयुक्तालय द्या. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला मिळालं, २०२० मध्ये मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला. या बातम्या मी इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये बसून वाचतो. इथला प्रकार नेमका उलटा. १९६८ मध्ये पाच दलं एकत्र करून टेम्स व्हॅली पोलिस हे एकच दल केलं. बर्कशायर, बकिंगहॅमशायर, ऑक्सफर्डशायर अशा तीन काउंट्या आणि मुख्यालय ऑक्सफर्डशेजारच्या किडलिंग्टनला.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. आपल्याकडे चोरीचा एफआयआर नोंदवून घ्या म्हणून विनवण्या कराव्या लागतात, शेवटी हातात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद पडते. इंग्लंडमध्ये घरबसल्या नोंद होते, लगेच क्रमांक मिळतो, आणि बहुतेक चोऱ्यांचा तपास संशयित न सापडताच बंद होतो. क्रमांक विम्याच्या कामाला येतो, एवढंच!

लोकांनी निवडलेला पोलिस कमिशनर, म्हणजे दलावर देखरेख करणारा लोकप्रतिनिधी, हा प्रयोगही इथे झाला. २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदान जेमतेम १५ टक्के. आता २०२८ मध्ये हे पदच रद्द करायचं सरकारने ठरवलंय. तेव्हा 'पोलिसप्रमुख लोकांतूनच निवडा' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मला हेवा वाटतो तो दोनच गोष्टींचा. घरपट्टीसारखा जो कौन्सिल टॅक्स आम्ही भरतो, त्याच्या बिलावर पोलिसांचा वाटा वेगळा छापलेला असतो. दुसरं म्हणजे चीफ कॉन्स्टेबल, इथल्या पोलिस दलाचा प्रमुख. गृहमंत्र्याच्या मनात आलं म्हणून त्याची रातोरात बदली होत नाही. त्याला हटवायचं तर रीतसर प्रक्रिया आहे, कारणं द्यावी लागतात.

आपल्याकडेही कागदावर हे आहेच. पोलिस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठाणेदारापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ सांगितला. महाराष्ट्राने पोलिस कायद्यात दुरुस्ती केली, आणि तिच्यातच 'जनहित' आणि 'प्रशासकीय निकड' यांच्या नावाने मुदतपूर्व बदलीची वाट मोकळी ठेवली. मग निरीक्षकाला हद्दीतल्या गल्ल्या पाठ होईस्तोवर त्याच्या हातात बदलीचा आदेश. आयुक्तालयं दोन करा नाहीतर दहा, आयुक्ताच्या बदलीची फाईल मंत्रालयातूनच फिरणार. त्यापेक्षा पुणे-पिंपरीकरांनी एवढंच मागावं: मुदतीआधी झालेल्या प्रत्येक बदलीचं कारण लेखी द्या, आणि ते पोलिस ठाण्याच्या फलकावर लावा.