सगळं घर ओलं, लेन्स कोरडी

जून लागला की पापड सादळतात, मीठ पाझरतं, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. त्याकडे आमच्या घरात कुणी ढुंकूनही बघत नाही. कोरडं राहायचा मान एकटीचा, दूरचं जवळ आणणाऱ्या १५०-६०० मिलिमीटरच्या टेलिफोटो झूम लेन्सचा. वजन दोन किलोच्या आसपास, तोंड ९५ मिलिमीटरचं आणि दमट हवेचं वावडं.

आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की आतल्या काचेवर बुरशी धरते. दोन्हीकडची झाकणं काढून टॉर्च तिरका मारला, तर कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसतात. तिचं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. मग साफ केली तरी वण राहतो. लेन्स ज्या फोमच्या ऐटदार बॅगेतून मिरवतो, ती बॅग म्हणजे या बुरशीचं माहेर.

यावर घरचा सल्ला ठरलेला: तांदळाच्या डब्यात ठेव! तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, पूड मात्र झूमच्या फटीत शिरते. डांबरगोळ्याही नकोत. हवा तो घट्ट झाकणाचा डबा, ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा. फार कोरडंही तिला चालत नाही. निळी सिलिका गुलाबी झाली की तिचं पोट भरलं. मग ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास. पण तो निळा रंग विषारी कोबाल्टचा, म्हणजे स्वयंपाकाच्या ओव्हनला तो नको. आता सिलिकासाठी वेगळा ओव्हन मागून बघा, काय उत्तर मिळतं ते! मुकाट्याने नवीन पुड्या आणाव्यात.

एसीतून दमट हवेत काढलं की हिला घाम फुटतो. आधी झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेर ठेवायची. पुसताना आधी ब्लोअर, मग ब्रश, मग मायक्रोफायबर. द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर नाही. तोंडाने फुंकर मारली तर थुंकी उडते. सदऱ्याच्या टोकाबद्दल तर बोलायलाच नको.

एवढं जपून हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर न्यावी, तर ६०० वर हिला जेमतेम चार अंशांचं जग दिसतं. नाव डुलते, फ्लेमिंगो शेकड्याने, आणि चौकटीत नुसतं आकाश. १५० वर पक्षी धरायचा, मग झूम करायचं. फोकस नुसता पुढेमागे घरघरत असेल आणि पक्षी जवळ असेल, तर फोकसचं अंतर बांधून ठेवणारं फोकस लिमिटरचं बटण बघा. ते ‘१० मीटर ते अनंत’वर अडकलेलं असतं. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंद तरी हवं. ट्रायपॉडला लेन्सची कॉलर, म्हणजे तिच्याभोवतीचं कडं लावायचं, कॅमेरा नाही, नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर येतो. गळ्यात अडकवताना झूमचं लॉक विसरलं की नळकांडं हत्तीच्या सोंडेसारखं खाली घसरतं.

दहा-अकराच्या पुढे पाण्यावरची हवा थरथरते आणि फोटो पिठूळ येतात. तेव्हा लेन्सला ‘सॉफ्ट’ म्हणून नावं ठेवायची नसतात. आम्ही ठेवतो.

डब्यावर सध्या चिठ्ठी आहे: ‘यात पापड ठेवू नयेत.’