हेवी लायसन काढताय? मग शिकायचं कशाला!

भावा, ट्रक लाईनला यायचं ठरवलंयस ना, मग पहिली गोष्ट म्हणजे शिकायच्या भानगडीत पडू नकोस. सरकारनं 2021 ला मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचे नियम आणले, हेवीचा कोर्स 6 आठवड्यांत 38 तास, सिम्युलेटर काय, ट्रॅक काय, थिअरी काय, आणि तिथं पास झालास तर आरटीओची ट्रायलसुद्धा माफ. पण अशा ठिकाणी पोरं खरंच गाडी शिकून बाहेर पडतात आणि मग त्यांना नको ते प्रश्न पडायला लागतात, एअरचं प्रेशर किती आहे, लोड किती भरलाय वगैरे. कुठल्या शेठला असला माणूस परवडेल?

त्यापेक्षा एजंट गाठ. आधार दे, फोटो दे, पैसे दे, संपला विषय. स्कूलच्या फॉर्म 5 वर तू अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत गाडी शिकलास असं लिहून येतं, तू त्या तारखांना मामाच्या लग्नात नाचत होतास हे त्या कागदाला कुठं माहितीय. हां, एक अडचण आहे, हेवीच्या लर्निंगसाठी वय 20 पूर्ण लागतं आणि लाईटचं लायसन वर्षभर जुनं लागतं. ते वर्ष टेम्पोवर काढ. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 ला पुन्हा सांगितलंय की लाईटच्या लायसनवर साडेसात टनाच्या आतली मालवाहू गाडी चालते, म्हणजे तुझ्यासाठी तर घटनापीठ बसलं होतं असं समज.

खरा राजमार्ग मात्र क्लिनरचा. दोन-तीन वर्षं ताडपत्री ओढायची, रस्सी आवळायची, टायरला टॉमी म्हणजे लोखंडी दांडा मारून हवा बघायची, स्टेपनी उतरवायची, उस्तादांचा, म्हणजे मोठ्या ड्रायव्हरचा, स्वयंपाक करायचा, रात्री डिझेल कोण काढू नये म्हणून टाकीजवळ झोपायचं. पगार विचारायचा नाही, जेवण मिळतंय ना. मग कधीतरी पहाटे तीनला उस्तादांचे डोळे मिटायला लागले की ते म्हणतात, घे रे, सरळच रस्ता आहे. झालं, हा तुझा सिम्युलेटर, यात चुकलं तर रिसेटचं बटण नसतं एवढाच काय तो फरक. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रल करायची विद्यापण इथंच मिळते, लिटर-दोन लिटर डिझेल वाचतं म्हणे. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि बंद इंजिनात ब्रेक दाबत राहिलं की हवा संपते, हे त्या 38 तासांत शिकवतात, म्हणून तर म्हटलं तिकडं जाऊ नकोस. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर 2022 ला एकाच रात्रीत कित्येक गाड्यांचा चुराडा झाला होता, तरी डिझेल वाचवायची हौस काय कमी झालेली दिसत नाही.

आता पहिला शेठ कसा निवडायचा. ज्याच्याकडं अपॉइंटमेंट लेटर, पीएफ, जीपीएस, इंटरव्ह्यूला गाडी रिव्हर्स लावून दाखव असले चोचले आहेत तिथं फिरकूच नकोस. कळंबोलीला नाहीतर निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरला जा आणि जो पहिल्याच चहाला म्हणेल की तू आपल्या घरचाच पोरगा आहेस, तो पकड. घरच्या पोराला कोण पगारपत्रक देतं का? एक गाडी शेठच्या नावावर, एक वहिनीच्या, एक मेव्हण्याच्या, कारण नोव्हेंबर 2025 ला नवे लेबर कोड येईपर्यंत 1961 चा मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असले की लागू व्हायचा, आणि त्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 असलं काहीतरी भयंकर लिहिलं होतं. आपल्या शेठचं कुटुंबच एवढं मोठं की कुठंच पाच भरले नाहीत.

तासांचं तू मनावर घेऊच नकोस. ई-वे बिलाला, म्हणजे माल न्यायच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे कळंबोली ते नागपूर कागदाला चार-पाच दिवस. तुला एक रात्र आणि एक सकाळ. कागद म्हातारा असतो, तू तरणा आहेस.

ओव्हरलोडचंही तेच. दहा टायरला मालासकट साडेअठ्ठावीस टन पासिंग आहे, शेठ म्हणणार चार टन वर टाकू, जातंय. कायद्यात दंड 20,000 आणि वर टनाला 2,000. तो कुणी भरायचा हे आधी विचारू नकोस, उगाच संबंध बिघडतात. नाक्यावर स्टेअरिंगच्या मागं तू असतोस, शेठ फोनवर असतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याला रेंज नसते. एसीचा विषयपण काढू नकोस, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिनचा नियम आलाय, पण शेठची गाडी 2011 ची आहे, तिला दारं लागतात हेच नशीब.

लायसनची ओरिजिनल कॉपी मागितली तर लगेच देऊन टाक. सांभाळून ठेवतात बिचारे, इतकं सांभाळतात की नोकरी सोडायची म्हटलं की सापडत नाही. गाडीचा इन्शुरन्स चालू आहे का, फिटनेस कधीपर्यंत आहे, हे सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की मिनिटात दिसतं, पण शेठवर असा संशय घेणं संस्कारात बसत नाही आपल्या.

आणि पैसे ट्रिपवरच ठरव, महिन्याचे अजिबात नको. ट्रिपला ठोक रक्कम घ्यायची, त्यात तुझी खुराकी, टायरचं पंक्चर, हमालांची चहापाणी, वाटेतली सगळी एंट्री, म्हणजे नाक्यांवरची चिरीमिरी, आली. डिझेलचा ॲव्हरेज शेठच्या मनात असतो, गाडीनं त्याच्यापेक्षा कमी दिला तर फरक तुझ्या खात्यावर. माल खाली करताना दोन पोती भिजलेली निघाली तर तीपण तुझ्याच खात्यावर, ताडपत्री शेठनीच फाटकी दिली होती तरी. काही लिहून ठेवायची गरज नाही, शेठची वही आहे ना.

हिशोब दिवाळीला होतो. तेव्हा शेठ वही उघडतो, चष्मा लावतो, बराच वेळ बोटांवर मोजतो आणि प्रेमानं सांगतो की अकरा हजार तुझ्याकडंच निघतायत, पण आत्ता राहू दे, सणाचा दिवस आहे, उद्या सकाळी गांधीधामची गाडी भरायची आहे तेवढी घेऊन जा.