'थेट विमान म्हणजे उधळपट्टी' हा हिशेब कुठे चुकतो

गेले दोन महिने एक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. युरोपात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना सल्ला म्हणून तो लिहिलाय. म्हणणं थोडक्यात असं: मुंबईहून लंडन-फ्रँकफर्टला थेट विमानाने जाणं ही उधळपट्टी आहे. आखातात विमान बदला. पैसे वाचतात, वेळ जेमतेम तीन तास जास्त लागतो, मध्ये पाय मोकळे होतात म्हणून रक्ताच्या गुठळीची भीती नाही, पुढचं विमान चुकलं तर कंपनी सगळं बघते. शिवाय हवाई हद्दी बंद असल्याने थेट विमानंही हल्ली चार-चार तास जास्त घेतात.

घरातल्यांची आणि शेजाऱ्यांची तिकिटं बारा वर्षं मीच काढून देते. हा मजकूर वाचून माझ्या ओळखीतल्या दोन जोडप्यांनी थेट विमानाचा विचार सोडून दिला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी वेळेचं बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आखातातून जाणं म्हणजे मोठा वळसा, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. मुंबई-दुबई सुमारे 1,930 आणि दुबई-लंडन सुमारे 5,500, म्हणजे मिळून 7,430 च्या आसपास. दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. वेळ जातो तो जमिनीवर. थेट विमानाला साडेनऊ-दहा तास लागतात. दुबईमार्गे दोन्ही उड्डाणांचे मिळून अकराच्या जवळपास होतात, आणि मधला थांबा वेगळा. 'तीन तास जास्त' हा आकडा दोन तासांचा थांबा धरला तरच जमतो. पण सत्तरीच्या माणसाला दोन तासांत उतरून, पुन्हा सुरक्षा तपासणी देऊन, टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाचं गेट गाठायला सांगणं मला पटत नाही. गेट उड्डाणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे हातात दोन तासही नसतात. निर्धास्त राहायचं तर थांबा साडेतीन-चार तासांचा हवा, आणि मग फरक पाच तासांवर जातो.

पैशांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं, पण नेहमी नाही. तिकिटाची किंमत अंतरावर ठरत नाही, त्या मार्गावर किती कंपन्या एकाच प्रवाशासाठी भांडताहेत यावर ठरते. कनेक्टिंगवाल्यांना थेट विमानाशी स्पर्धा करायची असते, म्हणून ते भाव पाडतात. मात्र मुंबई-लंडनसारख्या मार्गावर थेट जाणाऱ्याच तीन-चार कंपन्या आहेत, आणि इंडिगोनेही जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट उड्डाणं सुरू केली होती. सुट्ट्यांचा हंगाम सोडून पाहिलं तर कधी कधी फरक नगण्य निघतो. तारीख टाकून बघितल्याशिवाय 'थेट महाग' असं गृहीत धरू नका.

गुठळीचा मुद्दा मात्र सरळसरळ चुकीचा आहे, आणि तब्येतीचा असल्याने तो जास्त टोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये या विषयावरच्या संशोधनाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तास किंवा त्याहून जास्त हालचाल न करता बसून प्रवास केला तर शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो कमीच राहतो, निरोगी माणसांत सुमारे 6,000 मध्ये एक. पण थोड्या दिवसांत एकापाठोपाठ एक विमानप्रवास करणाऱ्यांचाही धोका वाढलेला दिसला, कारण विमानातून उतरलं की तो लगेच संपत नाही. काही आठवडे राहतो. दुबई-लंडन टप्पाच मुळात साडेसात तासांचा आहे, म्हणजे विमान बदलूनही तुम्ही त्या चार तासांच्या रेषेपलीकडे जाताच. उपाय दोन्हीकडे एकच: मधल्या वाटेलगतची (आईल) सीट घ्या, दर तासा-दीड तासाने उठा, पाणी प्या, पोटऱ्या हलवत राहा. आधी गुठळी झालेली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा.

आता 'कंपनी सगळं बघते'. इथे मला घरचंच सांगायला हवं.

आई माझ्या बहिणीकडे निघाली होती, विमान फ्रँकफर्टपर्यंतचं. वय 68. आम्ही 22,000 रुपये वाचवले आणि मध्ये विमान बदलायचं तिकीट काढलं. मुंबईचं विमान पावणेदोन तास उशिरा सुटलं. मधल्या विमानतळावर ती उतरली तेव्हा पुढचं गेट बंद झालं होतं. मी तिला कागदावर मराठीत लिहून दिलं होतं: 'पडद्यावर आधी विमानाचा नंबर शोध, मग गेट'. तो कागद हातात धरून ती पडद्यासमोर उभी होती, आणि पडद्यावर तिचं विमान 'निघालं' असं दिसत होतं. कंपनीने पुढच्या विमानात जागा दिली, अकरा तासांनी. जेवणाचं कूपनही दिलं, नाही असं नाही. पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस तिला एका कोपऱ्यात बसवून गेला तो चार तास फिरकला नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत होत्या. ती चूक माझी. तिथल्या वायफायला मोबाईल नंबरवर ओटीपी लागत होता आणि तिचं रोमिंग सुरू नव्हतं, त्यामुळे सहा तास आम्हाला तिचा पत्ता नव्हता. शेवटी केरळच्या एका नर्सने स्वतःच्या फोनवरून मला फोन लावून दिला.

कंपनीने नियमाप्रमाणे करायचं ते केलं. 'सगळं बघते' म्हणजे एवढंच.

भरपाईचं काय? युरोपीय संघाचा 261/2004 क्रमांकाचा नियम चांगला आहे. अंतिम ठिकाणी तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत मिळू शकतात. पण तो लागू होतो युरोपीय संघातून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला, आणि बाहेरून तिकडे जाणाऱ्या फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला. म्हणजे मुंबईहून आखाती कंपनीने फ्रँकफर्टला जाताना उशीर झाला तर या नियमाने काहीही मिळत नाही. तीच कंपनी परतीच्या वाटेवर नियमात येते, आणि एकाच तिकिटावरचा पूर्ण प्रवास एकच धरला जातो, विमान दुबईत चुकलं तरी. युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये तसा निर्वाळा दिला आहे.

'एकाच तिकिटावर' हे शब्द मजकुरात कुठेच नाहीत, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून प्रवास केला तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी असता. पुढचं तिकीट बुडतं, त्याच तिकिटावरचं परतीचंही बहुधा रद्द होतं. सामान स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करायला बाहेर पडावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. दोन्ही उड्डाणं एका पीएनआरवर नसतील तर ते तिकीट घेऊ नका.

राहिला हवाई हद्दींचा मुद्दा. तो चार तासांचा आकडा खरा आहे, पण आपल्या मार्गाचा नाही. 2022 मध्ये रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. पाकिस्तानची हद्द एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना बंद झाली, त्याचा जास्त फटका दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना बसला. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला निघू शकतं. इराणवर हल्ले सुरू झाले त्या 13 जून 2025 ला मुंबई-लंडन थेट विमान वाटेतूनच मुंबईला परत आलं, हेही खरं आहे. पण त्यातले प्रवासी मुंबईत उतरले. दहा दिवसांनी कतारने आपली हद्द बंद केली तेव्हा दोहात विमान बदलणारे हजारो लोक ना घरी होते, ना मुक्कामी.

मुलगी लिस्बनला असेल तर मुंबईहून थेट विमान नाही, बदलावंच लागणार. तिथे मी स्वतः आखात सुचवते. फ्रँकफर्टला किंवा पॅरिसला बदललंत तर शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा) पासपोर्ट काउंटर तिथेच लागतो, ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटोही घेतले जाऊ लागले आहेत, आणि ती रांग तुमच्या थांब्याच्या वेळातून जाते. आखातात फक्त सुरक्षा तपासणी असते, पासपोर्टचा शिक्का नाही.

आई यंदा पुन्हा निघाली आहे. मुंबई-फ्रँकफर्ट थेट. बहीण दाराशी उभी असेल, विमानतळाच्याच स्टेशनवरून दोघी स्टुटगार्टची गाडी पकडतील. गोळ्या या वेळी खांद्यावरच्या पर्समध्ये आहेत, आणि रोमिंग मी परवाच सुरू करून घेतलं.